कुलंट कमी होतंय, पण खाली थेंबही नाही: जुन्या गाडीतली बारीक गळती कशी शोधायची

लक्षण असं. गाडी बारा-पंधरा वर्षं जुनी. सकाळी खाली वाकून बघितलं तर पार्किंगची फरशी कोरडी. टेम्परेचरचा काटा मध्यावर, गरम होण्याची तक्रार नाही. पण महिना-दीड महिन्याने बोनेट उघडलं की बाटलीतलं कुलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) खालच्या खुणेच्याही खाली गेलेलं असतं. भरायचं, विसरायचं, पुन्हा तेच. गॅरेजमध्ये विचारलं तर उत्तर ठरलेलं: "साहेब, जुनी गाडी आहे, थोडं पाणी घेणारच."

हे मला पटत नाही. कुलंटची यंत्रणा बंदिस्त असते. बाटलीच्या झाकणातून वर्षभरात थोडी वाफ उडते, तेवढं सोडून द्या. पण महिन्याला पाव लिटर जात असेल तर ते कुठून तरी बाहेर पडतंय किंवा इंजिनात जळतंय. गाडीचं वय हे त्याचं कारण होऊ शकत नाही.

आमच्या घरच्या पेट्रोल गाडीत हा प्रकार बराच काळ चालला. वरचा होज पाइप बदलून झाला, रेडिएटरची कॅप बदलून झाली, पुढची पाळी वॉटर बॉडीची, म्हणजे कुलंट फिरवणाऱ्या पंपाची होती. काढलेले पार्ट जुनेच होते, त्यामुळे पैसे अगदीच पाण्यात गेले असं नाही, पण गळती तिथे नव्हती. ती निघाली इंजिनाच्या मागच्या अंगाला, जिथे ना हात पोचतो ना नजर. तिथवर आम्ही पोचलो ते पार्ट बदलून नाही, एका वहीमुळे. म्हणून माझं म्हणणं एवढंच: कुठून गळतंय हे शोधायच्या आधी केव्हा गळतंय ते शोधा.

आधी मोजा

सकाळी, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना, गाडी सपाट जागेवर असताना बाटलीवर पातळीची खूण करा. पातळ चिकटपट्टी पुरते. गरम इंजिनावर केलेली खूण निरुपयोगी असते, कारण कुलंट तापलं की फुगतं. साधं पाणीसुद्धा २० अंशांवरून ९५ अंशांवर गेलं की जवळपास ४ टक्के वाढतं, आणि ग्लायकॉल मिसळलेलं त्याहून थोडं जास्त. म्हणजे चार-पाच लिटरच्या गाडीत सुमारे पाव लिटर कुलंट तापल्यावर बाटलीत येतं आणि थंड झाल्यावर परत जातं. संध्याकाळी पातळी बघून खूश होणारे आणि सकाळी बघून घाबरणारे बहुतेक जण हीच ये-जा बघत असतात.

मग वही. तारीख, किलोमीटर, आणि खुणेपर्यंत यायला किती मिली घालावं लागलं. मापाला औषधाच्या बाटलीवरची टोपी किंवा सुई काढलेली सिरिंज घ्या. घाट चढलात, ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलात, गाडी आठवडाभर उभी राहिली, असं काही झालं असेल तर तेही लिहा.

ही वही काय सांगते? गाडी उभी असतानाही पातळी उतरत असेल तर गळती इंजिन थंड असतानाची आहे: क्लिपा, होजची टोकं, ओ-रिंग. किलोमीटरच्या हिशोबाने उतरत असेल तर गळती दाबाखालची आहे, म्हणजे इंजिन तापून यंत्रणेत दाब आल्यावरच ती उघडते. आणि सपाटीवर फारसं कमी होत नसेल पण घाट झाला की दणकून कमी होत असेल, तर दाब जिथे सर्वांत जास्त होतो तिथे बघायचं किंवा हेड गॅस्केटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलचा) संशय घ्यायचा. आमच्या गाडीने वाईहून पसरणी घाट चढून पाचगणी केली की वहीत हमखास मोठा आकडा यायचा. सुट्टीत गाडी उभी असली की जवळपास काहीच नाही. म्हणजे क्लिपांवर वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. इतकं कळायला एक पाना लागला नाही.

बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा

हा प्रकार वेगळा सांगायला हवा, कारण यात मालक फसतो. ज्या गाड्यांत रेडिएटरवर कॅप आहे आणि बाजूला साधी बाटली आहे, त्या कॅपमध्ये दोन झडपा असतात. एक दाब सोडणारी: कुकरच्या शिट्टीसारखी, ठरलेल्या दाबाला उचलते आणि जादाचं कुलंट बाटलीत जाऊ देते. दुसरी लहान, मधली: इंजिन थंड होताना आत पोकळी तयार होते तेव्हा ती उघडते आणि बाटलीतलं कुलंट परत ओढून घेते.

ही दुसरी झडप चिकटली, किंवा कॅपपासून बाटलीपर्यंतच्या बारक्या नळीला तडा गेला, की ओढून घेणं बंद पडतं. कुलंटऐवजी हवा आत जाते. बाटली भरलेली दिसत राहते आणि रेडिएटर हळूहळू रिकामा होतो. म्हणून नुसत्या बाटलीवर विश्वास ठेवू नका. पूर्ण थंड इंजिनावर कॅप उघडा आणि कुलंट गळ्यापर्यंत आहे का ते बघा. पूर्ण थंड म्हणजे वरचा होज हाताला गार लागेल इतकं. गरम असताना कॅप फिरवलीत तर तोंडावर उकळतं कुलंट येतं. यात कपडा धरून हळूच वगैरे काही करायचं नाही.

काही गाड्यांत रेडिएटरवर कॅप नसतेच. बाटलीच दाबाखाली असते आणि तिला आट्यांचं जाड झाकण असतं. तिथे हा घोळ होत नाही, पण बाटलीलाच बारीक चिरा जातात. प्लॅस्टिक पिवळं-तपकिरी पडलं असेल तर खालची बाजू आणि जोडाची रेघ नीट तपासा.

कॅपबद्दल आणखी एक. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो दाब, बारमध्ये. ०.९ च्या कॅपने साधं पाणीही समुद्रसपाटीला ११८ अंशांच्या आसपास उकळतं. कॅप दाब धरत नसेल तर ते १०० ला उकळणार, आणि महाबळेश्वरसारख्या सुमारे १,३५० मीटर उंचीवर तर ९५-९६ लाच. रेडिएटरचा पंखा साधारण त्याच तापमानाला सुरू होतो. म्हणजे वर पोचल्यावर "गाडी उगाचच उकळली" असं वाटतं ते उगाच नसतं. कॅप ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे. ती जुनी असेल तर त्याच आकड्याची नवी बसवा. जास्त आकड्याची बसवली तर गळती थांबत नाही, जुने होज फुटतात.

थेंब का दिसत नाही

एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा. मिनिटाला एक थेंब पडला तरी दिवसभरात ७० मिलीच्या वर जातं, पंधरवड्यात एक लिटर. तुमची गळती त्याहून कितीतरी बारीक आहे. तो थेंब तापलेल्या ब्लॉकवर किंवा एक्झॉस्टवर पडला तर जमिनीपर्यंत येतच नाही, वाफ होऊन जातो. मागे राहते ती रंगीत पापडी: हिरवी, गुलाबी किंवा नुसती पांढरट. पुठ्ठा खाली घालून ठेवणारे निराश होतात ते यामुळे. थेंब शोधू नका, पापडी शोधा.

आणि वेळ साधा. सर्वांत जास्त दाब गाडी पळताना असतोच असं नाही. इंजिन बंद केलं की पंप थांबतो, पण ब्लॉकमधली उष्णता कुलंटमध्ये उतरत राहते, त्यामुळे पुढची दहा-पंधरा मिनिटं तापमान आणि दाब दोन्ही वर जातात. घाटातून किंवा लांबून आल्यावर गाडी बंद करा, बोनेट उघडा आणि टॉर्च घेऊन तेव्हा बघा. हात घालू नका. पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होऊ शकतो. नाकाचाही उपयोग करा. कुलंटचा तापलेला वास गोडसर असतो, एकदा आला की लक्षात राहतो.

ऋतूचाही फरक पडतो. पावसाळ्यात हे काम काढू नका, खाली सगळंच ओलं असतं. उन्हाळ्यात एसीचं पाणी पडतं आणि लोक त्यालाच गळती समजतात. बोट लावून बघा, एसीचं पाणी बिनवासाचं आणि पाण्यासारखं पातळ, कुलंट बोटांत बुळबुळतं. थंडीतल्या गळत्या पकडायला डिसेंबर-जानेवारीची सकाळ उत्तम. नाशिक-पुण्याकडे पारा दहाच्या खाली गेला की रबर आकसतं आणि एरवी कोरडी दिसणारी क्लिप एखादा थेंब सोडते. इंजिन तापलं की रबर फुगून तीच क्लिप पुन्हा बंद होते, म्हणून दुपारी गॅरेजमध्ये नेल्यावर काहीच सापडत नाही.

कुठे कुठे बघायचं

रेडिएटर पहिला. हल्लीच्या रेडिएटरचा गाभा ॲल्युमिनियमचा आणि दोन्ही टोकांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात, मध्ये रबरी सील आणि दाबून वळवलेला पत्रा. गळती बहुतेक त्या जोडावर. जुन्या पितळी रेडिएटरला डाख देऊन वर्षानुवर्षं चालवता यायचं. प्लॅस्टिकच्या टाकीला डाख लागत नाही आणि एम-सील फार दिवस टिकत नाही. बदला.

वॉटर बॉडी दुसरी. पंपाच्या अंगाला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं आहे, बुजवायचं नाही. आतलं सील झिजलं की कुलंट बेअरिंगकडे न जाता त्या भोकातून बाहेर यावं म्हणून. भोकाखाली वाळलेला ओघळ दिसला तर पंप निरोपाच्या तयारीत आहे. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर हे भोक कव्हरच्या आत दडलेलं असतं आणि बाहेरून काही दिसत नाही. तिथे पंप बदलायचा झाला तर बेल्टही बदला, मजुरी एकदाच लागते. उलटही खरं.

मग थर्मोस्टॅटचं (कुलंट तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडवणाऱ्या झडपेचं) घर, प्लॅस्टिकचे टी-जोड, ब्लॉकची भोकं बुजवणारे पत्र्याचे वेल्श प्लग. गंजलेला वेल्श प्लग मधोमध किंवा कडेने पाझरतो.

केबिनमधला हीटर लोक विसरतात, कारण आपल्याकडे तो लावतो कोण? पण बऱ्याच गाड्यांत हीटर बंद असला तरी त्याच्या छोट्या रेडिएटरमधून कुलंट फिरतच असतं. बटण फक्त हवेचा पडदा हलवतं. तो गळला तर थेंब बाहेर पडत नाहीत, डाव्या सीटसमोरचं मॅटिंग ओलं होतं, काचेवर आतून तेलकट धुकं धरतं आणि ब्लोअर लावला की गोडसर वास येतो. मॅटखाली हात घाला. तिथे एसीची नळी तुंबूनही पाणी साचतं, तेव्हा इथेही बोटांची परीक्षा घ्या.

बाहेर कुठेच काही नसेल तर मात्र आत बघावं लागतं. थंड इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच, कुलंट तापायच्या आधीच, वरचा होज टणक झाला तर सिलिंडरमधला गॅस कुलंटमध्ये शिरतोय. गॅस्केट जायला लागलं की बहुधा असंच होतं. एखादा स्पार्क प्लग इतरांपेक्षा लख्ख धुतल्यागत निघाला तर त्याच सिलिंडरमध्ये कुलंट जळतंय. खात्री करायची तर रेडिएटरच्या तोंडावर धरायचं निळ्या द्रवाचं टेस्टर मिळतं. ज्वलनाचा गॅस आला की निळा द्रव पिवळा पडतो. ऑइलच्या टोपीखाली पांढरट फेस दिसला म्हणून मात्र लगेच हेड उतरवू नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत बाष्पानेही तसा फेस धरतो. डिपस्टिकवरही तो दिसला, तर गोष्ट वेगळी. डिझेल गाडीत याच टप्प्यावर ऑइल कूलर आणि ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा भाग) यांचाही संशय घ्यायचा. ईजीआर कूलर आतून फुटला तर कुलंट धुरातून जातं आणि माणूस बाहेर शोधत राहतो.

दाब देऊन बघा

वहीने दिशा दाखवली की पुढचं काम प्रेशर टेस्टरचं. हातपंप आणि डायल, कॅपच्या जागी बसतं. थंड इंजिनावर, कॅपवर लिहिला असेल तेवढाच दाब द्या आणि थांबा. गॅरेजमध्ये इथेच घाई होते: पंप मारला, दोन मिनिटं काटा हलला नाही, "सगळं ओके आहे." बारीक गळतीला दोन मिनिटं पुरत नाहीत. अर्धा-पाऊण तास तरी ठेवा. काटा जरा जरी उतरला तर गळती आहेच, आता फक्त जागा शोधायची. काटा अजिबात उतरला नाही तर इंजिन कोमट करून, पुन्हा बंद करून तीच चाचणी घ्या. काही तडे धातू तापल्यावरच उघडतात.

आमच्या गाडीत काटा अगदी संथपणे उतरत होता आणि कुठेही ओल दिसत नव्हती. शेवटी छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याकडे बघितलं. तिथे पंपाकडून हीटरकडे जाणारी लोखंडी नळी होती, आणि तिच्यावर चढवलेल्या होजच्या क्लिपखाली हिरवट पापडी. कुलंटमध्ये अतिनील प्रकाशात चमकणारा रंग घालून गाडी थोडी फिरवली, काळोखात दिवा मारला, तर नळीवरून खाली एक्झॉस्टच्या पत्र्यापर्यंत पिवळी रेघ उजळली. होज काढल्यावर नळीचं टोक गंजून सुईच्या अग्राएवढं भोक पडलेलं दिसलं. होज नवा घातला असता तरी वर्षभरात पुन्हा हेच झालं असतं, कारण दोष नळीचा होता.

नळी का गंजली, तर आधी कधीतरी तिच्यात बराच काळ बोअरचं पाणी फिरलं होतं. आत क्षारांचा थर होता. कुलंटमधलं ग्लायकॉल आपल्याकडे गोठण्यापासून वाचवायला लागत नाही, पण त्यासोबत गंजरोधक रसायनं येतात आणि ती प्रत्येक वेळी साधं पाणी ओतलं की पातळ होत जातात. भर घालायची तर तयार मिश्रण, नाहीतर कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बॅटरीत घालायला पेट्रोल पंपावर मिळतं ते डिस्टिल्ड पाणी चालतं. रंग बघून कुलंट मिसळू नका; रंग कंपनीच्या मर्जीचा असतो, गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार बघा.

हळद, पावडर आणि क्लिपा

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय महामार्गावरच्या प्रत्येक जुन्या ड्रायव्हरला माहीत आहे, आणि रात्री दोन वाजता कसारा घाटात अडकलात तर खुशाल टाका. ती चिरेत अडकून फुगते, घरी पोचवते. पण मग दुसऱ्याच आठवड्यात यंत्रणा धुऊन काढायची. बाटलीत मिळणाऱ्या गळती-बंद द्रवांचंही तेच. ती चिरेला ओळखत नाहीत. जिथे वाट अरुंद तिथे बसतात, आणि सर्वांत अरुंद वाटा हीटर आणि रेडिएटरच्या नळ्यांच्या असतात. महिन्याला पाव लिटरसाठी असं काही टाकणं मला मान्य नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्लाही मिळेल. त्याने इंजिन थंड चालतं, गळतीचं लक्षण मागे पडतं, पेट्रोल जास्त लागतं आणि इंजिनाची झीज वाढते. काढला असेल तर परत बसवा.

कंपनीच्या स्प्रिंगच्या क्लिपा काढून स्क्रूच्या क्लिपा लावायची सवय बऱ्याच गॅरेजमध्ये आहे. स्प्रिंगची क्लिप रबर आकसलं-फुगलं तरी त्याच ताणाने धरून राहते. स्क्रूची क्लिप नाही, म्हणून ती "आणखी एक फेरा" करत आवळली जाते आणि शेवटी होज कापते. स्प्रिंग शाबूत असेल तर तीच लावायला सांगा.

भरताना

दुरुस्तीनंतर हवा नीट काढली नाही तर गळती थांबूनही पातळी उतरते, आणि मालक पुन्हा गॅरेजच्या दारात. हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो उघडा ठेवून सावकाश भरा. नसेल तर गाडीचं नाक चढावर करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, कॅप उघडी ठेवून इंजिन चालू करा आणि पंखा एकदा सुरू होईपर्यंत थांबा. त्यानंतरही पुढचे तीन-चार दिवस पातळी थोडी खाली जाईल. आत अडकलेले बुडबुडे बाहेर पडतात. ही घट वहीत लिहा, पण गळती धरू नका. नंतर पातळी एका जागी थांबली पाहिजे.

गळती सापडेपर्यंत गाडी चालवायची असेल तर पातळी रोज सकाळी बघा आणि काट्यावर विसंबू नका. कुलंट सेन्सरच्या खाली गेलं की सेन्सर हवेत राहतो आणि काटा वर जाण्याऐवजी मध्यावर किंवा खालीच दिसतो, तोवर हेड वाकतं. हीटर गरमवर लावला आणि हवा अचानक गार यायला लागली तर तिथेच थांबा.

काढलेलं कुलंट गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. ग्लायकॉल गोड लागतं, सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि थोडंसंही त्यांच्या मूत्रपिंडाला पुरतं. डबाबंद करून, वापरलेलं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजमध्ये वेगळं म्हणून द्या, आणि फरशीवर सांडलेलं भरपूर पाण्याने लगेच धुवा.